पाणी शेवटी घालायचे

महाल, नागपूर
रविवार, २ जुलै १९६७

श्रीयुत मार्तंडराव हरकरे यांस,
सादर नमस्कार.

आपली ओळख अर्ध्या तासाची, तीही वडीलधाऱ्यांच्या देखत झालेली. तेवढ्या आधारावर एका मुलीने परक्या गृहस्थांना पत्र लिहावे, हे आमच्या घरात कोणाला रुचणार नाही आणि तुमच्या घरात रुचेल अशी माझी समजूत नाही. म्हणून आधी क्षमा मागते. हे पत्र पुरे झाले तर ते काटोलला तुमच्या आईवडिलांच्या घरी न येता थेट तुमच्या नोकरीच्या गावी, भिलाईच्या पत्त्यावर येईल, याबद्दलही क्षमा असावी. पत्ता मी माझ्या धाकट्या भावाकडून, वसंतकडून मिळवला. त्याने बदल्यात काहीच मागितले नाही. त्यावरून प्रकरणाचे गांभीर्य त्यालाही कळले असावे.

लिहिण्याचे कारण असे की, तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचे उत्तर दिले नाही. गेल्या रविवारी तुम्ही मंडळी मला पाहायला आलात. गाणे येते का, स्वयंपाक कसा आहे, हे सारे बाबांना विचारून झाले. मग तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, “तुम्ही तिथे नेमकं काय करता?” मी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि परीक्षेत कधी उत्तर कोरे ठेवलेले नाही. तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. वसंत म्हणाला, “ताई माशांच्या अंड्यांवर प्रयोग करते.” त्यावर तुमच्या मातोश्री हसून म्हणाल्या, “अगं बाई! म्हणजे मासोळ्याइचं बाळंतपण करून राह्यली का वं तू?”

सगळे हसले. मलाही हसू येत होते, कारण त्यांचे म्हणणे जवळजवळ बरोबर होते. तुम्ही मात्र हसला नाहीत. पोह्यांची बशी हातात धरून तुम्ही उत्तराची वाट पाहत राहिलात. शेवटी आईने लाडू पुढे केला आणि तो विषय संपला.

काल तुमच्या वडिलांचे पत्र आले. पसंती आहे, आषाढातला शेवटचा मुहूर्त चौदा तारखेचा आहे, तो साधावा, नाहीतर तुळशीच्या लग्नापर्यंत थांबावे लागेल, असे त्यांनी लिहिले आहे. बाबांनी त्याच बैठकीत होकार लिहून टाकला. मला कोणी विचारले नाही. विचारण्याची रीतही नाही. परंतु रोहू मासा अंडी देतो ती नेमकी याच दिवसांत. माझे वर्षाचे काम या थोड्या आठवड्यांत मावायचे आहे. चौदा तारखेला लग्न झाले तर हंगाम गेला, आणि हंगाम गेला म्हणजे पदवी गेली. मला तुमच्याकडे काही मागायचे आहे. पण ज्याच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही त्याच्याकडे मागावे कसे? म्हणून आधी उत्तर देते. बोलण्याची मला सवय नाही, लिहिण्याची आहे.

शाळेत हा धडा आम्हांला शिकवलाच नाही. “हा घरी वाचून या,” असे म्हणून बाईंनी पान उलटले होते. मी घरी वाचला, पाठ केला: शुक्रजंतू आणि अंडे यांच्या मीलनास फलन असे म्हणतात. या वाक्यावर मी शाळेपासून आजवर पुरे गुण मिळवीत आले. त्या वाक्याच्या आत काय आहे, ते मी आत्ता कुठे पाहू लागले आहे.

बांधलेल्या तळ्यात रोहू अंडी देत नाही. पोटात असतात, पण नदीला पूर येऊन पाणी पसरल्याशिवाय ती मादी त्यांना सोडत नाही. म्हणून आम्ही तिला फसवतो. दुसऱ्या माशाच्या मेंदूखाली वाटाण्याहूनही लहान अशी एक ग्रंथी असते. ती खलात घोटून तिचे पाणी मादीला टोचतो. काही तासांत तिच्या शरीराला वाटते, पूर आला. मग पोटावरून अंगठा अलगद फिरवला की अंडी ओघळतात. एका मादीची मोजायला बसलो तर लाखांत जातील.

आज इतकेच. आई हाक मारते आहे.


बुधवार, ५ जुलै

कालचा प्रयोग फसला. फसला तो माझ्या हातून, म्हणून तोच सविस्तर सांगते. त्यातून तुम्हांला माझे काम अधिक चांगले कळेल.

कन्हानच्या वाटेवर एका तलावाकाठी मत्स्यबीज केंद्र आहे. माझे मार्गदर्शक देशकर सर तेथे आम्हां विद्यार्थ्यांना जीपने नेतात. मासे धरण्याचे काम कवडू नावाचा केंद्रातला माणूस करतो.

नराच्या पोटावर हात फिरवला की पाणी घातलेल्या दुधासारखा द्रव येतो. त्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर काही दिसत नाही म्हटले तरी चालेल. राखेसारखे कण, निश्चल. हेच शुक्रजंतू. मग काडीच्या टोकाने त्यांत पाण्याचा कण सोडायचा. त्या क्षणी सगळे जागे होतात. सगळे, एकदम, जणू एखाद्या मैदानात झोपलेल्या गावाला कोणी हाक मारली. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी डोळा चटकन काढून घेतला होता. कोणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखे मला वाटले. पुन्हा पाहिले तोवर हालचाल मंदावली होती, आणि पुरते मिनिटही झाले नसेल, तोच सारे पुन्हा राखेसारखे झाले. या खेपेला कायमचे. त्यांचे सगळे आयुष्य पाण्याचा स्पर्श झाल्यापासून सुरू होते आणि तेवढ्यातच संपते.

दुसरीकडे अंडे. त्याच्या कवचाला एकच एक भोक असते, नरसाळ्यासारखे, आत निमुळते होत गेलेले. त्यातून एका वेळी एकच शुक्रजंतू जाईल, इतकेच ते रुंद. आणि अंडे पाण्यात पडले की तेही दार मिटू लागते. म्हणजे एकाला जेमतेम मिनिटाचे बळ आणि दुसऱ्याचे दार तेवढ्याच वेळेपुरते उघडे. पाणी नसेल तर काहीच घडत नाही. पाणी आधी आले तरी काहीच घडत नाही. म्हणून आम्ही कोरड्या थाळीत अंडी घेतो, त्यांवर नराचे दूध घेतो, कोंबडीच्या पिसाने दोन्ही हलकेच एकत्र करतो, आणि पाणी शेवटी घालतो.

काल ती थाळी मी विसळली.

आमच्या घरात कोणतेही भांडे विसळल्याशिवाय हातात घेत नाहीत. घासून पालथा घातलेला पेला असला तरी पाणी पिण्यापूर्वी तो विसळायचा, आणि ते पाणी मोरीत टाकून मगच भरायचा. हे मला कोणी शिकवल्याचे आठवत नाही. हात आपोआप नळाखाली गेला. थाळी मी उपडी केली, पण पुसली नाही. तळाशी पाणी राहिले. त्यात अंडी ओघळली. इतक्यात कवडूच्या हातून नर निसटला आणि त्याला पुन्हा धरायला वेळ गेला. मला काही कळले नाही. उलट वर पाणी घातल्यावर अंडी भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगली, पारदर्शक झाली, तेव्हा मी आनंदले. कवडूला म्हणालेसुद्धा, “पाहा, कशी टपोरी झाली!” फुगायला फलन लागत नाही, पाणी पुरते, हे मी स्वतः टिपणात लिहिले होते. आनंदात ते आठवले नाही.

दुपारपर्यंत सगळी अंडी पांढरी पडली. सरांनी थाळीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

“थाळी ओली होती का?”

“विसळली होती, सर.”

“कोणी सांगितलं विसळायला?”

कवडू म्हणाला, “मी पाह्यलं न सायेब, धुताना. मले वाटलं, बामनाची पोर हाय, धुतल्याबिगर हात कायले लावन!”

“मग बोलला का नाहीस?”

“आता काय बोलू जी? माही बायकोबी धुतेच.”

सरांना हसू आवरले नाही, आणि मी मान खाली घालून रडू आवरले. पूर्ण तयार अशी आता एकच मादी उरली आहे. तिला शनिवारी संध्याकाळी टोचायचे ठरले आहे.


शनिवार, ८ जुलै

आज घरात चार वेळा तुमचे नाव निघाले, पण माझ्याशी कोणी बोलले नाही. बाबा मांडववाल्याशी बोलतात, आई सोनाराशी बोलते. मी लिहीत असताना आई आत आली.

“काय लिहून राहिली इतकं? यंदाची परीक्षा तर झाली.”

“टिपणं.”

“माशांची?”

“माशांची.”

हे खोटे नव्हते.

उद्या प्रयागबाईंकडे, म्हणजे माझ्या आत्यांकडे, माझे पहिले केळवण आहे. आमच्याकडे असा नियम आहे की, केळवण जेवलेल्या मुलीने लग्न होईपर्यंत नदीतळ्याच्या काठी जायचे नाही. मला तो माहीत होता, पण मी त्याचा आपल्याशी संबंध जोडला नव्हता. तो आत्यांनीच आज येऊन जोडला.

“उद्यापासून तळंबिळं बंद हो, चारू. नवरीनं पाण्याकाठी फिरू नाही. अन् हाताचा तो वास घालव पहिले. बेसन लाव.”

“आत्या, उद्या सकाळी एकदाच जाऊ द्या.”

“केळवणाच्या दिवशी?”

“केळवणाच्या आधी.”

त्यांनी थोडा विचार केला. माझ्या आत्या ऐन तारुण्यात विधवा झाल्या आणि तेव्हापासून आमच्या घरातले सगळे नियम त्यांच्या ताब्यात आहेत. त्यांच्याइतकी त्या नियमांची बारीक माहिती दुसऱ्या कोणाला नाही.

“ताटावर बसायच्या आधी गेली तर माझा नियम मोडत नाही,” त्या म्हणाल्या. “पण डोक्यावरून न्हाऊन ये. अन् हे पाहा, मी तुले विचारलं नाही, तू मले सांगितलं नाही.”

वसंत पहाटे मला सायकलवरून सरांच्या घरापर्यंत सोडणार आहे.

तुम्हांला वाटेल, अंड्यांसाठी एवढा आटापिटा कशाला. पुढच्या वर्षीही मासे असतीलच. असतील. मी तेथे असेन की नाही, एवढाच प्रश्न आहे.


रविवार, ९ जुलै

मी पाहिले.

शांतपणे, क्रमाने लिहिण्याचा प्रयत्न करते.

थाळी मी कोरड्या फडक्याने पुसली. पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा पुसू लागले तेव्हा कवडू म्हणाला, “पुरे वं माय, झिजवशीन तिले.” या खेपेला नर आधीच धरून ठेवला होता. अंडी आली, दूध आले, पिसाने मी दोन्ही एकत्र केली. सर म्हणाले, “आता पाणी,” आणि मी पाणी घातले.

जे प्रत्यक्ष घडते ते मी पाहिले नाही, हे आधीच सांगते. त्या मिनिटात एक शुक्रजंतू त्या एकुलत्या दारातून आत शिरतो. ते आमच्या सूक्ष्मदर्शकाला दिसण्यासारखे नाही. बाहेर कित्येक लाख धावत असतात आणि त्यांच्यापैकी कोण आत गेला हे कोणालाच कळत नाही. तो शेपूट टाकून देतो. ज्या शेपटीच्या बळावर इथवर आला तीच त्याला आता नको असते. त्याच्या मस्तकात केंद्रक असते आणि त्यात निम्मी गुणसूत्रे. अंड्याच्या केंद्रकातही निम्मीच. एकट्याने दोघांचेही काही व्हायचे नसते. ती दोन केंद्रके अंड्याच्या आत, त्या पारदर्शक काळोखात, एकमेकांकडे सरकतात आणि एक होतात. पुस्तकात या वाक्याला आकृती आहे. मी ती इतक्यांदा काढली आहे की डोळे मिटून काढीन. पण आज माझ्या डोळ्यांसमोर एकच अंडे होते, आणि आकृतीत जे बाणांनी दाखवतात ते त्याच्या आत त्या घटकेला खरोखर चालले होते, किंवा चालले नव्हते. फुगली तर मंगळवारची अंडीही होती. मला आता फसायचे नव्हते. मी नुसती पाहत राहिले.

काही वेळाने अंड्यातले सत्त्व एका टोकाकडे सरकू लागले. कोणी ढवळत नव्हते, कोणी कलते करीत नव्हते. ते आपले आपण वाहत गेले आणि टोकाशी एक छोटा उंचवटा झाला, दह्यावरच्या सायीइतका नाजूक. मग काहीच नाही. माझी मान अवघडली. बाहेर वसंत कोणाशी तरी बोलत होता; मी जीपमध्ये चढले तेव्हा तोही सायकल सरांच्या अंगणात ठेवून मागे चढला होता. आणि मग त्या उंचवट्याच्या मधोमध एक सावली पडली. सावली की रेघ, हे ठरवेपर्यंत ती खोल गेली होती. सुरी नव्हती, दोरा नव्हता. एकाचे दोन झाले, अगदी सारखे, एकमेकांना टेकलेले.

मला वाटते, मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही. सरांनी डोळा लावला आणि म्हणाले, “हं.” सरांचे “हं” मिळवण्यासाठी आमच्या विभागात लोकांनी वर्षे घालवली आहेत. मग कवडू वाकला.

“हे दोन कायचे वं ताई?”

“आधी एक होतं. त्याचे दोन झाले.”

“कोनं केले?”

मला उत्तरे येत होती, नावांसकट. त्यांतले एकही पुढे केले नाही. “आता या दोनांचे चार होतील,” एवढेच म्हणाले. तो डोळा काढीना. सर म्हणाले, “कवडू, उठ आता, जाळी काढायची आहे.” तर तो म्हणतो, “थांबा न सायेब, चार होऊन रायले.” आणि झाले. मग वसंतने पाहिले. तोवर आठ होऊ घातले होते. अंड्याला आमची काही पर्वा नव्हती. आम्ही चौघे एका काचेभोवती डोकी जमवून उभे होतो आणि ते आपल्या वाटेने निघाले होते.

मार्तंडराव, हे तुमच्याखेरीज मला कोणालाच लिहिता आले नसते आणि तुम्हांलाच लिहिणे सर्वांत कठीण आहे. माणसांतही असेच घडते. ते तळ्यात घडत नाही, आईच्या देहात घडते. तेथे एकच अंडे असते, त्याचे दार निराळे असते आणि वेळ पुष्कळ अधिक असतो. पण अर्धे आणि अर्धे तेच, आणि एकाच्या आत जाण्याने इतरांना बंदी होते तीही तीच. माणसाच्या बाबतीत ते घडताना कोणी पाहिल्याचे मी तरी वाचलेले नाही. तुम्ही एकदा असे होतात. मीही होते. माझे बाबा, ज्यांच्यापुढे आम्ही मोठ्याने बोलत नाही, तेही एके काळी टाचणीच्या टोकाएवढे होते आणि मधोमध त्यांच्यावर अशी एक सावली पडली होती. परत येताना जीपमधून रस्त्यावरची माणसे मी मोजू लागले आणि थोड्याच वेळात मोजणे सोडून दिले. इतक्या वेळा हे घडले आहे, आणि प्रत्येक वेळी ते न घडण्याचीच शक्यता अधिक होती. ज्यासाठी शाळेत पान उलटून टाकावे लागले, त्यात लाज वाटण्याजोगे काय होते, ते मला आज खरोखरच आठवेना.

माशांवरून माणसांचे दृष्टान्त काढणे मला आवडत नाही. मासा मासाच आहे. मी तुम्हांला काही सुचवत नाही. तुम्ही विचारलेत, मी काय करते ते सांगितले. मी हे करते.

केळवणाला न्हाऊन, ओल्या केसांनीच पोचले. आत्यांनी माझा हात नाकाशी नेला, माझ्याकडे पाहिले आणि पानात दुप्पट श्रीखंड वाढले.


सोमवार, १० जुलै

बाबा कार्यालयात निघाले होते. ते जोडे घालीत असताना मी समोर जाऊन उभी राहिले.

“बाबा, मी भिलाईला पत्र लिहिलं आहे. मार्तंडरावांना.”

त्यांनी जोडा हातातच ठेवला. “काय लिहिलं?”

“लग्न तुळशीनंतर ठेवा म्हणून. आणि लग्नानंतरही मी पदवी पुरी करीन म्हणून.”

“ते नाही म्हणाले तर?”

“तर नाही.”

बाबा खुर्चीवर बसले. आत आईच्या हातातली भांडी वाजायची थांबली.

“तुझ्यासाठी आधी पाहिलेलं यवतमाळचं स्थळ दुसरीकडे जमलं. ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे.”

“लगेच आणखी एखादं येईल असं समजू नकोस.”

“नाही समजत, बाबा.”

“वाचून दाखव, काय लिहिलं आहेस ते.”

“त्यात माशांचं आहे.”

“किती?”

“सगळंच.”

त्यांनी दोन्ही जोडे घातले, छत्री घेतली, दारापर्यंत गेले. मला वाटले, तसेच निघून जातील. मग पाठमोरेच म्हणाले, “साध्या टपालानं चौदाच्या आत पोचायचं नाही. एक्सप्रेसनं टाक.”

याला परवानगी म्हणायचे की नाही, मला ठरवता आलेले नाही. मी तुम्हांला तसे भासवतही नाही.

माझे काम एका थाळीने पुरे होत नाही; पिलांची वाढ हंगामभर टिपायची आहे. तेव्हा माझी विनंती अशी. लग्न कार्तिकात, तुळशीच्या लग्नानंतर ठेवावे, आणि तसे तुम्ही स्वतः तुमच्या वडिलांना लिहावे. माझ्या बाबांनी लिहिले तर मुलीकडचे मागे सरले असा त्याचा अर्थ होईल. लग्नानंतर परीक्षेपर्यंत मला नागपूरला राहू द्यावे. हे मान्य नसेल तर तसे एका ओळीत बाबांना कळवा. कारण देण्याची आवश्यकता नाही. मान्य असेल तर मला आनंद होईल. किती, ते मी लिहिणार नाही.

उत्तर येईपर्यंत काय करावे, याचा मी सकाळपासून विचार करीत होते. काल सोडलेल्या अंड्यांतून एव्हाना पिले बाहेर आली असतील. ती एखाद्या केसाच्या तुकड्याएवढी असतात, आणि त्यांची हृदये बाहेरून दिसतात म्हणे. मी अजून पाहिलेली नाहीत. केळवण तर मी जेवले आहे. तरीही हे पाकीट टाकल्यावर दुपारच्या जीपने मी तळ्यावर जाणार आहे.

तुमची,
चारुलता वामनराव भुसारी

मुख्य टपाल कार्यालय, नागपूर. सोमवार, १० जुलै १९६७, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एक्सप्रेस टपालाने पाठवले.